हातचे सोडून पळत्यापाठी

दादरा व नगर हवेली हा अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा मुलूख. त्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र, आणि दादरा व नगर हवेली यांच्या मध्येही गुजरातच्या भूमीची एक पट्टी आडवी आलेली. या चिमुकल्या मुलखाचा इतिहास पाहू गेल्यास तो एका अर्थी वाटेचाच इतिहास आहे, असे म्हणावे लागते. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी येथील गावांचा महसूल पोर्तुगिजांना लावून दिला. महसुलाचा हा मानकरी पुढे मालक होऊन बसला, आणि जवळपास पावणेदोन शतके बसून राहिला. १९५४ च्या २२ जुलैला दादरा मोकळा झाला, २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला, आणि दमणहून आत सैन्य धाडण्याची पोर्तुगिजांची वाट भारताने रोखून धरली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले ते नेमके या वाटेसाठी. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निवाडा दिला, की खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता, आणि भारताने वाट रोखली यात भारताकडून कोणत्याही कर्तव्याचा भंग झालेला नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख रीतसर भारतात सामील झाला. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

हा इतिहास आमच्या वाचकांना नवा नाही. गोमंतकाच्या मुक्तीची पहिली पहाट सिल्वासात उगवली, हे किनारपट्टीवरील मराठी माणूस विसरलेला नाही. तरीही तो येथे उगाळला, तो एका निराळ्या वाटेविषयी लिहावयाचे आहे म्हणून. ज्याच्या हाती वाट त्याच्या हाती सत्ता, हा धडा दादरा-नगर हवेलीने १९५४ साली साऱ्या देशाला शिकविला. आज माणसांची व मालाची वाट कोणी अडवीत नाही. वापीपासून सिल्वासापर्यंत मालमोटारींची रांग अहोरात्र चालू असते. आज अडते ती माहितीची वाट. शिष्यवृत्तीचा अर्ज, शिधापत्रिकेवरील अंगठ्याची खूण, बँकेतील पैसे, जमिनीचा उतारा, रुग्णाच्या तपासणीचा अहवाल हे सारे आता तारेतून किंवा हवेतून येते. ते ज्या गावात येत नाही, ते गाव वेढलेल्या किल्ल्यासारखे आहे. वेढा घालणारे कोणी दिसत नाही, एवढाच फरक.

या वाटेचे एक साधन आपण स्वतःच्या पैशाने गावोगाव पुरून ठेवले होते. ते साधन म्हणजे टेलिफोनची तांब्याची तार. तिच्या दोन दोन जोड्या एकत्र बांधून एकीचे काम दुपटीने करून घेण्याची विद्या जगाला दोन दशकांहून अधिक काळ अवगत आहे. आपण ती विद्या खेड्यांसाठी वापरली नाही, आणि आता तारच भंगारात काढावयास निघालो आहोत. या प्रश्नाची चर्चा तंत्रज्ञांच्या दालनाबाहेर फारशी होत नाही. वस्तुतः तो सर्वसामान्यांचा प्रश्न आहे, आणि म्हणून आम्ही तो येथे मांडीत आहोत.

प्रथम तार म्हणजे काय ते पाहू. टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंत येणारी लाईन ही एक तार नसते. एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन बारीक तारांची ती जोडी असते. पीळ दिल्याने बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि शेवटी एकमेकांस मारून टाकतो. माणसाच्या बोलण्याला या जोडीची क्षमता अगदी थोडी पुरते. सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतच्या कंपनांत आवाज मावतो. त्यावरची सारी जागा शंभर वर्षे रिकामी पडून होती. अमेरिकेतील बेलकोर संस्थेचे जोसेफ लेख्लायडर आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन सिओफी यांच्यासारख्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे या पडीक जागेत माहितीचे पीक काढून दाखविले. त्यालाच आपण डीएसएल म्हणतो. एडीएसएल या पहिल्या प्रचलित प्रकारात अकरा लक्ष हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याचे २५६ अरुंद वाफे पाडले, आणि ज्या वाफ्यात गोंगाट कमी त्यात अधिक व जास्त त्यात कमी अशी माहिती पेरली. २००३ साली निश्चित झालेल्या सुधारित प्रकारात हे वाफे दुप्पट झाले आणि वेग सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत पोहोचला. जुन्या तारेवर, खड्डा न खणता!

पण या शेतीला एक मोठा शाप आहे, तो अंतराचा. तार जितकी लांब, तितका संदेश क्षीण होतो. आणि कंपने जितकी वरच्या पट्टीतली, तितकी ती लवकर विरतात. एक्स्चेंजच्या आसपासच्या किलोमीटरभरात २४ मेगाबिटच्या जवळपास मिळणारा वेग तीन किलोमीटरवर सात-आठ मेगाबिटवर येतो, आणि पाच किलोमीटरवर एखाद-दुसऱ्या मेगाबिटवर रखडतो. म्हणजे एक्स्चेंजच्या शेजारच्या दुकानदाराला महापूर, आणि डोंगराच्या पायथ्याच्या शाळेला ठिबक. एकाच गावात, एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या तारेवर हा भेद पडतो.

जोड्या बांधण्याची विद्या याच शापावरचा उःशाप होय. एका जोडीने दोन मेगाबिट येत असतील तर दोन जोड्या लावा, म्हणजे चारच्या जवळपास येतील. चार लावा, म्हणजे आठच्या आसपास. ऐकावयास हे सोपे वाटते. गंमत आहे ती ते घडविण्यात. एक्स्चेंजमधील यंत्र येणाऱ्या माहितीचे लहान लहान तुकडे करते, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालते, आणि ज्या जोडीची जितकी ताकद तितके तुकडे तिच्यावर लादते. दोन्ही जोड्या सारख्याच वेगाच्या असाव्यात असा आग्रह नसतो. एक जोडी दुसरीच्या चौपट वेगवान असली तरी नियमांत बसते. ग्राहकाच्या टोकाचा मोडेम पुढे आलेल्या तुकड्यांना थोडे थांबवून धरतो, मागे राहिलेल्यांची वाट पाहतो, आणि क्रमांकाने सारे पुन्हा जुळवितो. वापरणाऱ्याला दोन तारांचे भान राहत नाही. त्याच्या लेखी ती एकच रुंद वाट असते. याहून महत्त्वाचे म्हणजे, चारांपैकी एक जोडी पावसात बुडाली तर उरलेल्या तीन काम थांबवीत नाहीत. वेग उतरतो, पण संबंध तुटत नाही. नांगराची जोडी एक बैल बसला की थांबते; ही जोडी थांबत नाही. ज्या मुलखात वर्षाकाठी दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे हा गुण वेगाहूनही मोलाचा आहे.

ही कल्पनाही नवी नाही. १९९० च्या दशकातच दोन मेगाबिटची भाड्याची लाईन देण्यासाठी तांब्याच्या दोन वा तीन जोड्या एकत्र वापरण्याची एचडीएसएल नावाची रीत रूढ झाली. बँका, मोठ्या कचेऱ्या, कारखाने यांच्यासाठी ती वापरली गेली. पुढे २००४ साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आयईईईने, आणि जानेवारी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जोड्या बांधण्याचे मानक नियमच ठरवून दिले. अमेरिकेत एटी अँड टीने एक्स्चेंजपासून दूर असलेल्या घरांपर्यंत दूरचित्रवाणी व इंटरनेट पोहोचविण्यासाठी दोन जोड्यांची बांधणी उघडपणे वापरली. म्हणजे विद्या सिद्ध होती, नियम सिद्ध होते, यंत्रे बाजारात होती. जेथे पैसा होता तेथे दोन काय, चार जोड्याही जुळल्या. जेथे गरज होती तेथे मात्र एकच जोडी गेली, आणि तीही बहुधा मुकी.

आपल्याकडचा हिशेब याहून बोचणारा आहे. आपण तांबे पुरले ते स्वकष्टाने. पश्चिम बंगालमधील रूपनारायणपूर येथे १९५२ साली हिंदुस्थान केबल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो परदेशी केबलीवरचे अवलंबन संपविण्यासाठी. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि तिने बनविलेले १२८ लाईनींचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. धूळ आणि उकाडा सोसणारे, थंड हवेच्या खोलीवाचून चालणारे हे यंत्र पुढे देशभर खेडोपाडी गेले. एक्स्चेंज गावातच आले, म्हणजे घरापर्यंतची तारही आखूड झाली. नकळत आपण डीएसएलसाठी लागणारी उत्तम जमीन तयार करून ठेवली होती. २००५-०६ च्या सुमारास देशात स्थिर टेलिफोन पाच कोटींच्या घरात होते, आणि त्यांतील बहुतेक सरकारी कंपन्यांच्या तांब्यावर चालत होते. १४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले, तेव्हा २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्षात २०१० संपताना त्या सुमारे एक कोटी दहा लाख होत्या.

उद्दिष्ट का हुकले, याची कारणे अनेक आहेत. पण एक कारण येथे सांगितलेच पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, शिफारस केली होती की सरकारी कंपन्यांच्या पडून असलेल्या तांब्याच्या जोड्या योग्य भाड्याने इतरांनाही वापरू द्याव्यात. सरकारने धोरणात ते बंधन घातले नाही. ज्याने त्याने आपसांत व्यापारी करार करावेत, एवढ्यावर भागविले. तार जनतेच्या पैशाची आहे, ती परक्याच्या नफ्यासाठी का उघडावी, हा युक्तिवाद तेव्हा ऐकू येत होता, आणि तो अगदीच टाकाऊ होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या युक्तिवादाची दुसरी बाजू अशी, की मग मालकाने ती स्वतः तरी नीट वापरावयास हवी होती. तेही पुरते झाले नाही. विहीर गावाची, रहाट कोणालाच बसवू द्यावयाचा नाही, आणि स्वतःही पाणी काढावयाचे नाही, असा तो प्रकार झाला. विहिरीत पाणी होते. ते तसेच राहिले आणि आटले.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. मोबाईल आला, स्थिर टेलिफोन उतरले. भारत संचार निगमच्या अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. खांबावर चढून, पिलर उघडून, शेकडो जोड्यांतून रंग ओळखून नेमकी जोडी हाती घेणारे किती अनुभवी हात त्या एका संध्याकाळी घरी गेले, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही. रूपनारायणपूरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ सालीच घेतला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये स्थिर जोडण्यांच्या संख्येत एका खाजगी कंपनीने सरकारी कंपनीला प्रथमच मागे टाकले. तेव्हा भारत संचार निगमकडे सुमारे ७१ लाख जोडण्या उरल्या होत्या. याचा सरळ अर्थ असा, की गावोगावच्या दहा, वीस, पन्नास जोड्यांच्या केबलींत आज कितीतरी जोड्या बेकार पडल्या आहेत. ज्या काळी जोड्या अपुऱ्या होत्या, त्या काळी बांधणीची विद्या नव्हती. विद्या आली आणि जोड्याही मोकळ्या झाल्या, तेव्हा आपले लक्ष उडाले.

येथे कोणी म्हणेल की हे सारे अरण्यरुदन आहे. आता काचेच्या धाग्याचे, फायबरचे युग आहे, आणि तांब्याचे गोडवे गाणे म्हणजे आगगाडी आल्यावर बैलगाडीची वकिली करणे होय. या आक्षेपाला आम्ही बगल देणार नाही. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून जे वाहते त्याची बरोबरी तांब्याच्या शंभर जोड्याही करू शकणार नाहीत. त्याला अंतराचा शाप जवळजवळ नाही, विजेचा गोंगाट नाही, आणि चोराला त्याचा मोह नाही. बांधलेल्या जोड्यांनाही मर्यादा आहेत. एकाच केबलीतल्या शेजारच्या जोड्या एकमेकींच्या कानांत कुजबुजतात, त्यामुळे दोन आणि दोन पुरते चार होत नाहीत. सांधे कुजलेले, केबलीत पाणी शिरलेले, म्हणजे दोन रोगी बैल एका जुवाला बांधल्यासारखे. दोन्ही टोकांना योग्य यंत्रे हवीत, आणि ती बनविणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तेथे २००९ साली घरोघर फायबर नेण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २०१३ च्या सत्तापालटानंतर खर्च वाचविण्यासाठी शेवटचा टप्पा बहुतांशी जुन्या तांब्यावर ठेवावयाचे ठरले. २०२० साली पुन्हा त्याच तांब्याच्या जागी फायबर घालण्याची घोषणा करावी लागली. दोनदा खर्च, आणि मधली वर्षे वाया. ज्या शहरात, ज्या गावात फायबर जाऊ शकते, तेथे तांबे गोंजारीत बसणे हा शुद्ध मूर्खपणा ठरेल.

पण आमचा प्रश्न आहे तो फायबर ज्या दिवशी खरोखर घरात पोहोचेल त्या दिवसापर्यंतचा. त्यासाठी दुसरे उदाहरण घ्यावे, ब्रिटनचे. तेथे तांब्यावरची जुनी टेलिफोन व्यवस्था २०२५ च्या अखेरीस बंद व्हावयाची होती. वृद्ध व आजारी माणसे गळ्यातील बटण दाबून मदत मागतात, ती यंत्रे या जुन्या लाईनींवर चालतात; त्यांचे काय, असा प्रश्न उठला. सरकारने लक्ष घातले, आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. श्रीमंत देशालाही जुने तोडण्यापूर्वी थांबून विचार करावा लागला. नवे सुरक्षित होईपर्यंत जुने सांभाळणे याला मागासलेपणा म्हणत नाहीत. संसाराची जाण म्हणतात. नवे घर शाकारून होईपर्यंत जुन्याचे छप्पर कोणी उतरवीत नाही.

आता सिल्वासाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ भरली. आधीच्या दहा वर्षांत ती सुमारे ५६ टक्क्यांनी वाढली होती; साऱ्या देशात याहून वेगाने कोणताही प्रदेश वाढला नाही. ही वाढ मुख्यतः सिल्वासा व त्याच्या भोवतीच्या कारखान्यांची आहे. कृत्रिम धाग्यांचे, प्लॅस्टिकचे कारखाने कर-सवलतींच्या ओढीने येथे आले. त्यांच्या पाठोपाठ खांब आले, केबली आल्या, आणि आता फायबरही आले. दुसरीकडे त्याच मुलखात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत: वारली, धोडिया, कोकणा. खानवेलच्या पुढे मांदोनी, सिंदोनी, आणि मधुबन धरणाच्या जलाशयाकाठची दुधनी, कौंचा ही गावे पाड्या-पाड्यांत विखुरलेली आहेत. दमणगंगेवरील या धरणाचे पाणी कालव्यांनी दूरवर गेले. जलाशयाकाठच्या पाड्यांच्या वाट्याला वळसे आले. ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत फायबर नेणे हे भारतनेट योजनेचे काम. २०११ साली वेगळ्या नावाने मंजूर झालेली ही योजना अजून चालू आहे, आणि २०२३ साली तिच्या सुधारित रूपास सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. पण पंचायतीची कचेरी म्हणजे गाव नव्हे. कचेरीपासून शेवटच्या पाड्याच्या शाळेपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर हीच खरी मजल आहे, आणि बांधलेल्या तांब्याच्या जोड्या जेथे उत्तम चालतात ते अंतरही नेमके तेवढेच आहे.

थोडा हिशेब करून पाहा. जानेवारी २०२३ पासून आपल्या देशात सेकंदाला किमान दोन मेगाबिट वेग असेल तरच जोडणीला ब्रॉडबँड म्हणतात. २००४ साली ही मर्यादा २५६ किलोबिट होती. पाच किलोमीटरवरची एकटी जोडी या व्याख्येच्या उंबऱ्यावर अडखळते. त्याच ठिकाणी चार निरोगी जोड्या बांधल्या तर उंबरा सुखाने ओलांडला जातो. तीन किलोमीटरवर दोन जोड्यांनी पंधरा मेगाबिटच्या आसपास मिळते. सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयातील डॉक्टरांना पाड्यावरच्या आरोग्यसेविकेशी समोरासमोर बोलता यावे, वर्गातील मुलांना एखादा पाठ पडद्यावर पाहता यावा, शिधावाटपाच्या दुकानातील यंत्राने अंगठा एका दमात ओळखावा, याला एवढे पुरेसे आहे. हवेतून येणारा मोबाईलचा संदेश डोंगराच्या आड दडतो आणि गर्दीत वाटला जातो. तारेतला वेग ज्याचा त्याला मिळतो.

म्हणून आमच्या मागण्या माफक आहेत, आणि त्यांतील एकीलाही नव्या अब्जावधींची गरज नाही. पहिली अशी, की जेथे जेथे तांब्याची केबल काढून विकण्याचा बेत असेल, तेथे आधी प्रत्येक जोडीची तपासणी व्हावी आणि जिवंत जोड्यांची गावनिहाय यादी लोकांपुढे मांडावी. जोडी जिवंत आहे की मेली हे पाहावयास मोजमापाचे साधे यंत्र आणि जाणता जॉइंटर पुरतो. दुसरी, शाळा, आरोग्य उपकेंद्र, शिधावाटप दुकान व पंचायत या चार ठिकाणी फायबर पोहोचून सलग एक पावसाळा टिकल्याखेरीज तेथली तार तोडू नये, आणि जेथे जोड्या निरोगी आहेत तेथे दोन वा चार बांधून त्या वापरात आणाव्यात. तिसरी, जेथे फायबर पोहोचले आहे तेथेही रुग्णालयासारख्या ठिकाणी बांधलेले तांबे दुसरी वाट म्हणून राखावे. रस्ता रुंद करताना यंत्राच्या एका फटक्याने फायबर तुटते, आणि ते सांधावयास माणूस येईपर्यंत किती वेळ जातो हे किनारपट्टीवरचा प्रत्येक दुकानदार सांगेल. चौथी, जॉइंटरची विद्या घरी बसलेल्या जुन्या हातांकडून स्थानिक तरुणांनी शिकून घ्यावी, अशी सोय प्रशासनाने करावी. जो तांबे सांधावयास शिकेल तो काच सांधावयासही शिकेल. पाड्यावरच्या मुलाला कारखान्याच्या फाटकावर उभे राहण्यावाचून दुसरा धंदा मिळेल.

कोणास जबाबदार धरावयाचे, हाही प्रश्न आहे. सिल्वासा, दमण आणि वापी यांचा टेलिफोन संकेतांक एकच आहे, ०२६०. नकाशावरच्या सीमा तारेने कधीच मानल्या नाहीत, ही चांगलीच गोष्ट होय. पण कारभारात त्याचा उलटा परिणाम होऊ शकतो. दूरसंचाराच्या हिशेबात हा मुलूख गुजरात परिमंडळात मोडतो, प्रशासन केंद्राचे आहे, आणि गावकरी या दोन दारांमध्ये उभा. या दाराने त्या दाराकडे बोट दाखवावे ही सरकारी कामाची जुनी खोड आहे. प्रशासनाने पुढाकार घेऊन दूरसंचार खात्याशी लेखी करार करावा आणि दुरुस्तीची मुदत त्यात घालावी. मुलूख लहान आहे. जे मोठ्या राज्याला वर्षानुवर्षे जमणार नाही ते येथे एका हिवाळ्यात करून दाखविता येईल.

आणखी एक गोष्ट सांगून हे लिखाण संपवू. तांबे आज ना उद्या जाणार आहे, याविषयी आमच्या मनात भ्रम नाही. पण २००४ साली तांब्याच्या बाबतीत जी चूक झाली ती काचेच्या बाबतीत पुन्हा होऊ नये, एवढा शहाणपणा तरी जाताना त्याने आपल्याला द्यावा. फायबरच्या एका केबलीत कित्येक धागे असतात, आणि त्यांतले बरेचसे प्रकाशावाचून अंधारात पडून असतात. ते जनतेच्या पैशाचे आहेत. ते रास्त भाड्याने, उघड नियमांनी, सहकारी संस्थांना, स्थानिक उद्योजकांना वापरावयास मिळाले पाहिजेत. नाहीतर पंचवीस वर्षांनी कोणीतरी संपादक असाच लेख लिहील, आणि त्यात तांब्याऐवजी काच हा शब्द घालील.

२ ऑगस्टला सिल्वासात दरवर्षी मुक्तिदिन साजरा होतो. ध्वज चढतो, भाषणे होतात, हुतात्म्यांचे स्मरण होते. १९५४ साली या मुलखाला मोकळे करावयास जे गेले ते एका पक्षाचे, एका पंथाचे वा एका जातीचे नव्हते. आझाद गोमंतक दल होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण होते, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स होती, आणि सुधीर फडके यांच्यासारखा गाणारा माणूसही त्यांच्यात होता. प्रत्येकाचे बळ थोडे, चाल निराळी, वेगही निराळा. पण काम एक ठरले आणि जो तो आपल्या वाट्याचा भार वाहून गेला. गाव करी ते राव न करी, ते असे. त्या मुलखातील शेवटच्या पाड्यावर माहितीची वाट अजून अडलेली असेल आणि ती मोकळी करण्याचे साधन तेथल्याच मातीत पुरलेले असेल, तर ते उकरून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी एकदा तरी जोडून पाहावे. फायबरच्या मागे जरूर धावावे. धावताना हातातली तार मात्र सोडू नये.